कूपन, खाडा आणि वसुली

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिर्डीचा बेत ठरला की दर्शनाच्या वेळेवरून घरात फारसा वाद होत नाही. वाद होतो तो जेवणावरून. पहाटे काकड आरती, मग दर्शन आणि त्यानंतर पोरांना कबूल केलेला वॉटर पार्क, एवढा आराखडा पाच मिनिटांत तयार होतो. पण तिकीट काढताना ‘जेवणासह की जेवणाशिवाय?’ हा प्रश्न समोर आला की कुटुंबात तीन तट पडतात. एक तट म्हणतो, घ्या कूपन आणि पैसे वसूल होईस्तोवर खा. दुसरा म्हणतो, ही उघड लूट आहे, घरचा डबा न्यायचा. तिसऱ्या तटात बहुधा घरातली वडीलधारी माणसे असतात. साईबाबांच्या प्रसादालयात पोटभर जेवण मोफत मिळत असताना दुसरीकडे पैसे मोजायचेच कशाला, हा त्यांचा सवाल.

मला ही तिन्ही मते मान्य नाहीत. पहिल्याचा राग येतो, दुसऱ्याबद्दल सहानुभूती आहे आणि तिसऱ्याशी भांडताना जरा जपून बोलावे लागते.

विषय किरकोळ वाटेल. पण तो अहिल्यानगर जिल्ह्यातच मांडायला कारण आहे. शिर्डीतला ‘वेट एन जॉय’ वॉटर पार्क आणि ‘साईतीर्थ’ हे भक्तिपर थीम पार्क ही दोन्ही संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाची उभारणी. गायछाप जर्द्यामुळे ज्यांचे नाव गावोगाव पोचले तेच हे मालपाणी. खोपोलीजवळचे, २०१३ साली सुरू झालेले ‘इमॅजिका’ही २०२२ पासून याच समूहाकडे आहे. तेव्हा राज्यातल्या करमणुकीच्या मोठ्या बागांत ताटात काय पडावे आणि त्याचे किती घ्यावेत, या प्रश्नाच्या बऱ्याचशा तारा आज संगमनेरपर्यंत जातात. तक्रार करायला आपल्याला मुंबई-दिल्लीकडे तोंड करायची गरज नाही.

आता पहिला तट. या वसूलवाल्यांचा युक्तिवाद असा की पैसे आधीच गेलेले आहेत, तेव्हा जितके जास्त पोटात जाईल तितका एकेक घास स्वस्त पडेल. भागाकार बिनचूक आहे, शहाणपण मात्र त्यात औषधालाही नाही. गेलेले पैसे चौथ्या पुरीने परत येत नाहीत. चौथ्या पुरीने फक्त पोट फुगते, आणि त्या पोटासह दुपारी उंच घसरगुंडीवर चढायचे असते. मे महिन्यात नगरचे ऊन काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्यांनी जेवण पुरते वसूल केले ते दोन ते चार झाडाखाली, नाहीतर लॉकरखोलीच्या बाकावर आडवे होतात. प्रवेशाचे तिकीट जेवणाच्या कुपनापेक्षा महाग असते. म्हणजे थोडे वसूल करण्याच्या नादात मोठे बुडवले.

खरी गंमत पुढे आहे. ‘हवे तितके वाढून घ्या’ असे जेवण मांडणारा माणूस तुमच्या खाण्याला घाबरत नाही, कारण त्याने दर ठरवलेला असतो तो सरासरी खाणाऱ्याच्या मापाने. एक जण ओरपतो, दुसरा चिमणीसारखा खातो, जुळून जाते. त्यातही आधी पुढे येतात ते पापड, फरसाण, पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात आणि साखरेच्या पाकातले काहीतरी. मग तुमच्या टेबलावर चिमणीसारखे खाणारे कोण असते? तुमची आजी आणि तुमची धाकटी मुलगी. दोघींचे कूपन पूर्ण दराने घेतलेले, आणि आजीने वरण-भात चिवडून ताट बाजूला सारलेले. घरातल्या बाबांनी जे जास्तीचे खाल्ले ते पार्कवाल्याच्या खिशातून आलेच नाही, ते आजीच्या न खाल्लेल्या ताटातून आले. घरातल्या घरात एकाने दुसऱ्याचे खाल्ले आणि त्यालाच आपण वसुली म्हणालो.

या विद्येला परदेशी प्रतिष्ठाही आहे. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २००५ साली ‘डायनिंग प्लॅन’ सुरू झाला. तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्याने मुक्कामाच्या रात्रींच्या हिशेबाने जेवणाची ‘क्रेडिट’ आगाऊ घ्यायची आणि बागेतल्या उपाहारगृहांत ती एकेक करून खर्चायची. करोनाच्या काळात ही योजना बंद पडली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे एका क्रेडिटवर यादीतला स्वस्त पदार्थ घ्या की महाग, क्रेडिट एकच खर्च होते. साहजिकच महागड्या पदार्थावर बोट ठेवणे हा तिथला शहाणपणाचा डाव. न वापरलेले क्रेडिट मुक्काम संपला की बुडते, म्हणून शेवटच्या दिवशी लोक भूक नसताना काहीबाही घेत सुटतात. अमेरिकेहून सुट्टीला आलेले नातेवाईक हाच मंत्र इथे देतात, आणि आपणही ऑरलँडोचा मंत्र म्हणून तो कानात साठवतो. पण आपल्याकडचे कूपन सहसा ठरलेल्या एका ताटाचे किंवा मांडलेल्या एका जेवणाचे असते. निवडायला महागडे काही नसतेच. निवड नसेल तिथे निवडीचा डाव खेळायचा कसा? उरतो तो फक्त ओरपण्याचा डाव, आणि त्यात कोण हरते ते वर आलेच आहे.

दुसरा तट डबेवाल्यांचा. त्यांची नाडी बरोबर आहे, औषध चुकते. बाहेर पंधरा-वीस रुपयांना मिळणारा चहा-वडा आत गेल्यावर दुप्पट-तिप्पट होतो, पाण्याच्या बाटलीसाठी रांग लावावी लागते, आणि दारावर पिशवी उघडून दशम्या बाहेर काढायला लावतात. दशमी बाहेर काढताना आईचा चेहरा कसा होतो हे ज्याने पाहिले असेल तो डबेवाल्यांना हसणार नाही.

पण त्यांचा ठाम समज असतो की बाहेरचे खाणे अडवणेच बेकायदा आहे. २०१८ साली मल्टिप्लेक्सबद्दल नागपूरच्या अधिवेशनात जी घोषणा झाली, तिच्या बातम्यांवरून हा समज पक्का झाला. पुढे काय झाले ते मात्र थोड्यांनी वाचले. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या चित्रपटगृहांच्या प्रकरणात निकाल दिला. जागा मालकाची आहे, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यायचे की नाही ही अट त्याला घालता येते, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेल्या खाण्याला हरकत घेता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. निकाल चित्रपटगृहांचा आहे, वॉटर पार्कचा नव्हे. तरी पार्कचा मालक हाच युक्तिवाद करणार हे उघड आहे. म्हणून दारावरच्या रखवालदाराशी ‘कायदा माहीत आहे का’ म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बाटलीवर छापलेल्या किमतीचेही तसेच. हॉटेलात बसून घेतलेली बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकता येते, कारण तिथे वस्तूबरोबर सेवाही असते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलेले आहे. निकाल आवडो न आवडो, भांडायला तो पाया कच्चा आहे.

पक्का पाया दुसरीकडे आहे. आत शिरताच पिण्याच्या पाण्याचा मोफत नळ कुठे आहे ते विचारा. लहान बाळ असेल तर त्याचे खाणे आत नेण्याचा आग्रह धरा. प्रत्येक पैशाचे बिल मागा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा. एवढे करणारा माणूस दशमीवरून भांडणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पदरात पाडून घेतो.

डब्याच्या हिशेबात आणखी एक खोट आहे, आणि ती पुरुषांना दिसत नाही. डबा फुकट असतो, असे धरले जाते. काकड आरतीला पहाटे पाचच्या आधी रांगेत उभे राहायचे असेल तर धपाटे लाटायला घरातली बाई रात्री किती वाजता उठली? ती मजुरी कुठल्या खात्यात टाकायची? सहलीचा एक दिवस तिलाही मिळावा असे वाटत असेल तर त्या दिवशी तिच्या हातचे खाऊ नका. आणि मेच्या उन्हात पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत दुपारपर्यंत ठेवलेला दहीभात खाऊन संध्याकाळी जे होते त्याचे औषधपाणी कूपनपेक्षा महाग पडते. डब्याला माझा विरोध नाही. तो सकाळी आत शिरण्यापूर्वी खायचा. परतीच्या वाटेवर शेंगदाण्याची चटणी आणि दशमी चालेल, कारण ती टिकते.

आता तिसरा तट, आणि इथे मला थोडे थांबावे लागेल.

शिर्डीचे प्रसादालय ही साधी गोष्ट नाही. त्याच्या छतावर सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ तबकड्या आहेत. त्यांच्या उष्णतेने वाफ तयार होते आणि त्या वाफेवर अन्न शिजते. २००९ साली ही यंत्रणा सुरू झाली तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. दिवसाला हजारो माणसे तिथे जेवतात, श्रीमंत-गरीब एका रांगेत बसतात. ज्याच्या खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे आहेत त्याच्याकडेही तिथे कोणी काही मागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये माजी खासदार सुजय विखे पाटील यांनी हे मोफत जेवण बंद करून माणशी २५ रुपये घ्यावेत, तो पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्चावा, अशी भूमिका मांडली. त्या भाषणात भिकाऱ्यांबद्दल जे शब्द आले त्यांवरून मोठे वादळ उठले. पुढच्याच महिन्यापासून संस्थानाने मोफत जेवणाला कूपन लावले. मोफत जेवणाच्या बाजूने आणि विरुद्ध तेव्हा पानेच्या पाने लिहिली गेली. त्यात मी इथे पडत नाही. माझे मत विचाराल तर जेवण मोफतच असावे.

पण प्रसादालयाचे ताट हे पार्कातल्या ताटाचा भाव ठरवण्याचे माप होऊ शकत नाही. ते ताट मोफत आहे म्हणून शिजवायला काही लागत नाही असे नाही. दुसऱ्या कोणीतरी त्याचे पैसे दिलेले आहेत. आंध्रातल्या एखाद्या कुटुंबाने, सुरतेतल्या एखाद्या व्यापाऱ्याने, कुठल्याशा नोकरदाराने पहिल्या पगारातून. मंदिरात दर्शन घेऊन जेवायला बसणारा भाविक त्या दानाचा मानकरी आहे, भले तो करोडपती असो. वॉटर पार्कचे हजारांत जाणारे तिकीट काढून, ‘आतले जेवण महाग आहे, चला बाबांकडे जेवून येऊ’ म्हणणारा माणूस मात्र सहलीचे बजेट जुळवण्यासाठी दुसऱ्याच्या दानाला हात घालतो. कूपन हातात असेल तर नियमाने त्याला कोणी अडवणार नाही. अडवू नयेच. पण याला काटकसर म्हणू नये.

साईबाबांचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. दाभोलकरांच्या साईसच्चरितात हंडीचे सविस्तर वर्णन आहे. बाबांच्या मनात आले की ते स्वतः बाजारात जात, धान्य-मसाला पारखून घेत आणि रोख पैसे मोजत. दळण-कांडणही स्वतः करत. पन्नास माणसांचे अन्न होईल असे एक भांडे, शंभरांचे होईल असे दुसरे. मग सर्वांना वाढत. ज्यांचे नाव घेऊन आपण फुकटाचा हिशेब मांडतो त्यांनी वाण्याची उधारीसुद्धा ठेवली नव्हती.

शिवाय व्यवहार पाहा. बहुतेक पार्कांत एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत येता येत नाही. परत येता आले तरी ओले कपडे बदलणे, रिक्षा, प्रसादालयाची रांग, पुन्हा रिक्षा, पुन्हा पोहण्याचे कपडे, यात दुपार संपते. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण शिर्डीत उलटी करून पाळावी. पहाटे दर्शन, मग सकाळी उशिरा प्रसादालयात शांतपणे जेवण, आणि पार्क दुसऱ्या दिवशी. ज्यांना एकाच दिवसात दोन्ही उरकायचे आहे त्यांनी रात्रीचे जेवण प्रसादालयात घ्यावे. पार्क संध्याकाळी बंद होतो, मुले थकलेली असतात, आणि दिवसभराच्या गोंगाटानंतर त्या मोठ्या दालनात बसून गरम वरण-भात खाण्यात खरे सुख आहे.

इथवर खंडन झाले. आता मी कशाच्या बाजूने आहे ते सांगायला हवे.

जेवणाच्या कुपनात तुम्ही खरे पाहता दुपारचा तास विकत घेता, ही माझी भूमिका. जेवण त्या तासाच्या आत येते. वॉटर पार्क साधारण सकाळी दहाला उघडतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास गाशा गुंडाळतो. आठ तास. त्यातला कपडे, लॉकर, रांगा यांत जाणारा वेळ वजा करा. हातात उरतात चार-पाच तास. कुपनाने या चार-पाच तासांतला वेळ वाचत असेल, म्हणजे वेगळी रांग, पैशांची झटापट नाही, पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो म्हणून लॉकरपर्यंत फेरी नाही, तर कूपन घ्यावे. वेळ वाचत नसेल तर ते ताट कितीही भरगच्च असो, घेऊ नये. म्हणून खिडकीवर पहिला प्रश्न पदार्थांचा विचारू नका. विचारा, कूपनवाल्यांची रांग वेगळी आहे का, आणि जेवण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळते?

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळी किल्ली आहे. एक ते अडीच या वेळात सगळा पार्क जेवणघरात असतो आणि घसरगुंड्यांवर माणसे सगळ्यांत कमी असतात. जेवण बाराला सुरू होत असेल तर बाराला जेवा. नाहीतर अडीचनंतर जेवा. मधला दीड तास खेळा. बाराला जेवलात तर लगेच उंच घसरगुंडी टाळा, थोडा वेळ उथळ पाण्यात डुंबा, लाटांचा तलाव कोणत्या वेळी सुरू होतो ते आधी विचारून ठेवा. एवढ्या एका युक्तीने तिकिटाचे पैसे जितके वसूल होतात तितके दहा पुऱ्यांनी होणार नाहीत. साईतीर्थसारख्या ठिकाणी हे आणखी खरे, कारण तिथे ‘लंका दहन’, ‘द्वारकामाई’ असे ठरावीक वेळांचे खेळ असतात. जेवणाची रांग लांबली आणि एक खेळ हुकला तर पुढचा होईपर्यंत नुसते बसून राहायचे.

दुसरे, कूपन माणसागणिक घ्या, कुटुंबागणिक नको. हिशेब करून पाहू; आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. आई, बाबा, आजी आणि दोन मुले. कूपन माणशी ४०० रुपयांचे, त्यात जेवण, दुपारचा चहा आणि एक खाऊ. पाच कुपनांचे २,००० रुपये. आता सुटे घेतले तर? आई-बाबांचे थाळी, खाऊ, चहा मिळून प्रत्येकी ४६०, म्हणजे ९२०. आजीचा दहीभात आणि चहा १९०. मुलांनी एकेक पावभाजी आणि आइस्क्रीम खाल्ले, प्रत्येकी २४०, म्हणजे ४८०. एकूण १,५९०. सगळ्यांना कूपन घेणे ४१० रुपयांनी महाग पडले. पण फक्त आई-बाबांचे कूपन घेतले, ८०० रुपये, आणि बाकीच्यांचे सुटे, तर बेरीज होते १,४७०. सगळ्यांत स्वस्त. घरोघर भुका वेगळ्या, तेव्हा आकडे वेगळे येतील. पण पाच माणसे असलेल्या घरात पाचही कुपने परवडावीत असे क्वचितच घडते. सवलतीचे आमिष मात्र नेहमी ‘फॅमिली पॅक’चेच असते.

यातच उंचीचा मामला येतो. पार्कांत मुलांचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते, आणि खेळांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण काही ठिकाणी हीच फूटपट्टी जेवणालाही लावतात. शेवग्याच्या शेंगेसारखा उंच झालेला अकरा वर्षांचा मुलगा दीड पोळी खातो आणि मोठ्या माणसाचे पैसे देतो. पोटाची उंची कोणी मोजली आहे?

आगाऊ पैसे देऊन दिवसभर खाण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात हुरडा पार्ट्या चालतात. माणशी एक रक्कम ठरलेली. त्यात गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळलेला हुरडा, लसणाची चटणी, गूळ, शेव, बोरे, ऊस, दुपारी भाकरी, पिठले, भरीत, ठेचा. तिथून परतलेल्या माणसाला ‘पैसे वसूल झाले का?’ असा प्रश्न पडलेला मी तरी ऐकला नाही. याचे कारण शेतकऱ्याचे मन मोठे असते असे काही नाही. तोही धंदाच करतो, आणि चांगला करतो. कारण असे की तिथे खाणे हाच दिवसाचा कार्यक्रम आहे. वेळेसाठी भांडण नाही. आगटीभोवती बसण्यात गेलेला तास वाया गेलेला नसतो. वॉटर पार्कात जेवणाचे प्रत्येक मिनिट खेळातून कापून घेतलेले असते. म्हणून हुरड्याला लागू पडणारी ऐसपैस वृत्ती तिथे कामाची नाही, आणि वॉटर पार्कची घाई हुरड्याच्या शेतात नेणारा माणूस तर कपाळकरंटाच.

हुरड्यापेक्षा पार्कवाल्यांनी शिकावे ते आपल्या खाणावळींकडून. नगर शहरात, राहुरीला कृषी विद्यापीठाच्या आसपास, लोणीला, संगमनेरला, जिथे जिथे शिकणारी पोरे राहतात तिथे महिन्याची मेस असते. पैसे महिन्याचे, आगाऊ. पण गावी जाणार असाल आणि आदल्या दिवशी सांगितले तर खाडा धरतात, म्हणजे तेवढी जेवणे हिशेबातून वगळतात. सलग किती दिवसांपासून खाडा चालेल याचा प्रत्येक मेसचा नियम वेगळा, पण नियम असतो आणि तो भिंतीवर लिहिलेला असतो. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. पाहुणा आणलात तर त्याच्या ताटाचे वेगळे पैसे. हे सगळे मावशी एका लांबट वहीत, टोक केलेल्या पेन्सिलीने सांभाळतात. महिनाअखेरीला पोरांशी वाद होतात, मिटतातही.

आणि इकडे मनगटावर संगणकाची पट्टी बांधणारे, दारावर स्कॅनर लावणारे पार्कवाले सांगतात की न वापरलेल्या कुपनाचे पैसे परत देण्याची सोय ‘सिस्टिम’मध्ये नाही. मुलीला ताप आला म्हणून ती जेवली नाही, आजीचा उपवास निघाला, पावसाने पार्क दुपारीच रिकामा झाला; कूपन बुडाले. राहुरीच्या मावशींना जे पेन्सिलीने जमते ते यांना संगणकाने जमत नाही, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. जमत नाही असे नव्हे, जमवायचे नाही. न वापरलेले कूपन हा निव्वळ नफा असतो.

पार्कवाल्यांची बाजूही आहे. अन्न आधी शिजवावे लागते, किती माणसे येणार याचा अंदाज चुकला तर टाकावे लागते, हंगाम उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांचा आणि दिवाळीचा, बाकी वर्षभर आचाऱ्यांचे पगार चालूच. हे मान्य. म्हणूनच मी पूर्ण परताव्याची मागणी करत नाही. मेसवालीही सकाळी कळवून दुपारचा खाडा धरत नाही. सकाळी अकरापर्यंत कळवले तर अर्धे पैसे परत किंवा तेवढ्याच रकमेचा सुटा खाऊ, एका माणसाचे कूपन कुटुंबातल्या दुसऱ्याला वापरता येणे, मुलांसाठी भुकेच्या मापाचे अर्धे ताट, उपवासाचा एक पदार्थ, आणि ताटात काय आहे याची यादी तिकीट काढण्यापूर्वी दिसेल अशी लावलेली. यात कोणाचे दिवाळे निघणार नाही. उलट ज्या घरात आज पाचपैकी एकही कूपन घेतले जात नाही तिथे दोन-तीन घेतली जातील.

ही सुरुवात शिर्डीत व्हायला हवी, कारण मालक संगमनेरचे आहेत आणि गिऱ्हाईक बाबांच्या गावी आलेले आहे. समूहाकडे वॉटर पार्क आहे, भक्तीचा पार्क आहे, खोपोलीचा मोठा पसारा आहे. एका ठिकाणी खाड्याची पद्धत बसवून पाहायला एक उन्हाळा पुरे. तोवर वाचकांनी एवढे करावे. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: कूपनवाल्यांची रांग वेगळी आहे का, कूपन घरातल्या दुसऱ्या माणसाला चालते का, आणि वापरले नाही तर काय मिळते? उत्तरे मेसेजवर लिहून मागावीत. लिहून देत नसतील तर सकाळी बाहेर भरपेट न्याहारी करावी, आत सुटे खावे, आणि कूपन घेऊ नये.